‘मुलांची आवड’ आणि मानधन : गोव्यातील पाळणाघरांमागची पार्श्वभूमी

फोंडा, मडगाव, वास्को किंवा म्हापसा येथे एखादी स्त्री आपल्या राहत्या घरी पाळणाघर सुरू करते, तेव्हा ‘मला लहान मुलांची आवड आहे’ हेच कारण ती बहुधा सर्वांत आधी सांगते. ते कारण खरे असते आणि आवश्यकही असते, कारण दोन वर्षांच्या पाच-सहा मुलांमध्ये दिवसाचे सात-आठ तास काढणे आवडीवाचून कोणालाही निभत नाही. मात्र हीच आवड या कामाची पात्रता, त्याचे प्रशिक्षण आणि पुष्कळदा त्याचा मोबदलाही समजली जाऊ लागली. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी अंगणवाडी सेविकेला वेतनाऐवजी मानधन देण्याच्या १९७५ मधील निर्णयापाशी यावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. पोर्तुगीज राजवटीत सधन घरांतील मुले आया सांभाळत. ‘आया’ हा शब्दच पोर्तुगीजमधून आपल्याकडे आलेला असून, मुळात तो थोरामोठ्यांच्या मुलांचा सांभाळ करणाऱ्या, त्यांना वळण लावणाऱ्या स्त्रीसाठी वापरला जाई. आज बालवाडीत मुलांचे हातपाय धुणाऱ्या मदतनीस बाईला आया म्हणतात, यावरून त्या शब्दाची उतरती प्रतिष्ठा लक्षात येते. काही भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांत पोसकी (पोसायला घेतलेल्या) म्हणून वाढलेल्या मुलींवर हे काम विनावेतन पडत असे. बाकीच्या समाजात आजी, आत्या आणि थोरली बहीण हेच पाळणाघर होते.

मुक्तीनंतर भारतीय कामगार कायदे गोव्यात लागू झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने स्त्री-कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते आणि ते बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यात असावे, असे स्पष्ट म्हटले होते. खाणींसाठी १९६६ चे वेगळे पाळणाघर नियम आले, आणि डिचोली, सांगे, सत्तरी या खाणपट्ट्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे होते. पाळणाघराची सक्ती आधी पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर होती. १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आली. म्हणजे मुले सांभाळणे हे शिकून करण्याचे काम आहे, ही जाणीव आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून होती.

याच सुमारास, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. या योजनेच्या केंद्राला दिलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीच. मुंबईच्या उत्तरेस बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या दोघी मराठी शिक्षणतज्ज्ञांच्या कामातून तो रूढ झाला, आणि योजनेने तो देशभर नेला. मात्र केंद्र चालवणारी स्त्री ‘मानसेवी’ असेल आणि तिला वेतन न देता मानधन मिळेल, असे ठरले. आरंभी ही रक्कम मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये आणि न झालेल्या सेविकेला १०० रुपये होती. निर्णयामागे एक विचार होता, हे मान्य केले पाहिजे. सेविका त्याच गावातील असावी, तिची बदली होऊ नये, घरोघरी तिचा शब्द चालावा आणि दिवसाचे थोडेच तास तिने द्यावेत, अशी कल्पना होती. परंतु लसीकरण, वजनाच्या नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि मतदार याद्या अशी कामे एकामागून एक तिच्याकडे आली, आणि ‘थोडे तास’ कागदावरच राहिले.

‘मानधन’ या शब्दाने केलेला घोळ इथे नीट पाहावा लागतो. मान म्हणून दिलेले धन घासाघीस करून मागता येत नाही. ज्याने मान दिला त्याच्याशी हक्काची भाषा बोलणे अप्रशस्त वाटते. २००६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी सेवेतील पद धारण करत नाहीत, असा निर्णय दिला. २०१३ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांच्या राष्ट्रीय परिषदेने अशा सरकारी योजनांत मानधनावर काम करणाऱ्या योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगताना, त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच होय, असे मानले. योजना सुरू झाल्यापासून एवढे कळायला सत्तेचाळीस वर्षे लागली, हे नोंदवताना तटस्थ राहणे कठीण जाते.

या शब्दाची सावली खासगी पाळणाघरावरही पडली. १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाल्यानंतरच्या काळात पेडणे, सत्तरी, काणकोण येथून नोकरीसाठी पणजी-मडगावकडे येणाऱ्या जोडप्यांच्या मुलांची आजी गावातच राहिली आणि फ्लॅटमधील मूल शेजारच्या ‘मावशी’कडे जाऊ लागले. मावशीला बिल मागता येत नाही आणि सणाला सुट्टी घेतली तर तिलाच ओशाळे वाटते, ही अडचण हे काम करणाऱ्या स्त्रिया वारंवार सांगतात. सरकारी दरही मार्गदर्शक ठरले नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस होती. महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास अशा कामासाठी सेविकेला ३,००० आणि मदतनीस स्त्रीला १,५०० रुपये ठरले होते. सेविकेच्या वाट्याला तासाला जेमतेम पंधरा रुपये येत.

२०१७ मध्येच मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. वेर्णे, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील मोठ्या कारखान्यांना ही दुरुस्ती लागू झाली, तरी दुकानात, लहान कार्यालयात किंवा हॉटेलात काम करणाऱ्या आईचे मूल शेजारच्या घरीच राहिले. पुढे २०२३-२४ पासून गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा पायाभूत स्तर लागू झाला आणि तीन वर्षांवरील मुलांना अभ्यासक्रम व शिक्षिका मिळाली. तीन वर्षांखालील मूल या स्तराच्या बाहेर आहे. नोकरीवर जाणारी त्याची आई सकाळी कदंब या राज्य परिवहनाच्या बसमध्ये चढण्याआधी त्याला ज्या स्त्रीच्या हाती देते, तिला ‘मावशी’खेरीज दुसरे पदनाम अजून मिळालेले नाही.