एकच थेंब, आणि मग दोन मिनिटं गप्प

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत गेली, बाहेर आली, तोवर माझा कँटीनमधला चहासुद्धा धड पिऊन झाला नव्हता. म्हटलं चला, सुटलो. मग सिस्टरनी हातात ड्रॉप्सच्या तीन बाटल्या ठेवल्या आणि एक कागद, कुठला ड्रॉप दिवसातून किती वेळा, कुठल्या आठवड्यात किती कमी करायचा, अख्खं टाइमटेबलच. तेव्हा डोक्यात उजेड पडला की डॉक्टरांचं काम झालं, आपलं आता सुरू.

घरी येऊन मी माझी अक्कल चालवली. एकाच्या जागी दोन थेंब टाकले तर बिघडलं कुठं, आणि तिन्ही औषधं लागोपाठ टाकली की एका मिनिटात मोकळे. दुसऱ्या दिवशी चेकिंगला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "दाखवा बरं, कसं टाकता." टाकलं. अर्धं औषध आईच्या गालावरून ओघळून पदरात.

त्यांनी बाटली घेतली, हात धुतले होतेच. "काकू, वर पंख्याकडे बघा." खालची पापणी बोटाने जराशी ओढून खिसा केला, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता त्या खिशात एकच थेंब सोडला आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरला, बुबुळावर दाब नाही हां, नाकाच्या हाडाकडे. "आता डोळा मिटा, घट्ट नाही, नुसता. दोन मिनिटं गप्प." आई दोन मिनिटं गप्प बसली हाच मला चमत्कार वाटला.

यामागे साधा हिशोब आहे. डोळ्यात एरवी 7-8 मायक्रोलिटर अश्रू असतात (एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग), पापणीच्या खिशात ताणून ताणून 30 च्या आसपास मावतं. बाटलीतून पडणारा थेंबच 30 ते 50 चा. म्हणजे पहिल्याच थेंबाला खिसा भरून वाहतो, दुसरा थेंब म्हणजे निव्वळ पैसे गालावर. आणि लागोपाठ दुसरं औषध टाकलं तर ते पहिल्याला धुऊन काढतं, म्हणून दोन औषधांत किमान पाच मिनिटं सोडायची.

कोपरा दाबायचं कारण अजून भारी आहे. तिथे अश्रूंची मोरी आहे, बारीक भोकं, ती नाकात उघडतात. रडताना नाक वाहतं ते याचमुळे, आणि ड्रॉप टाकल्यावर आई "घशात कडू लागतंय" म्हणायची तेही याचमुळे. कडू लागणं सोडा, नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरातून औषध थेट रक्तात जातं. काचबिंदूसाठी टिमोलॉल नावाचा ड्रॉप देतात, त्याने दम्याच्या पेशंटला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते, एवढ्याशा थेंबाने! मोरीला बोळा लावला की औषध डोळ्यात राहतं.

तसं बघितलं तर आपण सुखात आहोत. पूर्वी बुबुळाच्या कडेला 10-12 मिलिमीटरची चीर घ्यायचे, आणि ती जुळेपर्यंत पेशंट उताणा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. तेव्हा पेशंटला भरवणं, पुसणं, खोकला येऊ न देणं, सगळं नर्सेसच्या जिवावर. एवढं करून शेवटी सोडावॉटरच्या बाटलीसारखा जाड चष्मा. 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरॉल्ड रिडली यांनी पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं, कारण महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या अॅक्रिलिक काचेचे कण घुसूनही डोळा ते सहन करतो हे त्यांनी पाहिलं होतं. आता फेकोत (ध्वनिलहरींनी आतल्या आत मोतीबिंदू फोडून ओढून काढतात ते ऑपरेशन) चीर 2-3 मिलिमीटरची, टाकाही नाही. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलात तर खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं ट्रेनिंग देतात, मग तपासणीपासून ऑपरेशनच्या तयारीपर्यंत बरंच काम त्याच सांभाळतात, डॉक्टर फक्त कापाकापीला मोकळा.

चीर छोटी असली तरी जखम ती जखमच. म्हणून डोळ्यात नळाचं पाणी नको, रात्री प्लास्टिकचं झाकण, वजन उचलणं नको, आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेलं मध-तूप-गुलाबपाणी तर अजिबात नको. थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढत चाललंय, डोळा लालभडक, दिसायला लागलेलं परत धूसर झालं तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पळायचं. आत जंतू शिरले असतील तर तासातासाने नजर जाते.

आठवड्याने परत गेलो, या वेळी थेंब बरोब्बर खिशात. मी जरा फुशारलोच. सिस्टर म्हणाल्या, "छान. आणि ती पांढरी बाटली हलवून टाकता ना?" ते स्टिरॉइड असतं, पाण्यात विरघळत नाही, बुडाशी बसतं, न हलवता टाकलं तर आधी नुसतं पाणी आणि शेवटी गाळ. मी आईकडे बघितलं. आई पंख्याकडे बघत होती.