अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोणी निवडायचा? 1787 सालचा तोडगा आणि त्यामागचा हिशोब

अथेन्स, रोम, इंग्लंडची सनद या लोकशाहीच्या वंशावळीत फार खोल शिरायचं कारण नाही. अमेरिकेची घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींनी ती पारायणं केव्हाच केली होती. त्यांच्या डोक्यात ताजं होतं ते वेगळंच: युद्धाची कर्जं, कर बसवण्याचा अधिकारच नसलेलं मध्यवर्ती सरकार आणि 1786-87 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी केलेलं बंड. राजा नको, यावर दुमत नव्हतं. पण राजाच्या जागी जो बसेल त्याला बसवणार कोण, हे मे ते सप्टेंबर 1787 या चार महिन्यांत अगदी शेवटपर्यंत ठरत नव्हतं.

पहिल्या मसुद्याने ते काम कायदेमंडळाकडे दिलं होतं. मग राष्ट्राध्यक्ष कायदेमंडळाच्याच मर्जीत राहणार, हा आक्षेप लगेच आला. पेनसिल्व्हेनियाच्या एका वकील प्रतिनिधीने थेट जनतेकडून निवडणूक सुचवली. त्यावर व्हर्जिनियाच्या एका बड्या जमीनदाराचं म्हणणं, की हे म्हणजे आंधळ्याला रंग पारखायला सांगणं झालं. एवढ्या पसरलेल्या देशात उमेदवारांची पारख लोक करणार कशी? 17 जुलैला मतं पडली: थेट निवडणुकीच्या बाजूने एक राज्य, विरोधात नऊ. दोनच दिवसांनी निर्वाचकांची, म्हणजे राज्यांनी नेमलेल्या मोजक्या माणसांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा ही, कल्पना मंजूर झाली. आणखी पाच दिवसांनी तीही मोडीत निघाली आणि गाडी पुन्हा कायदेमंडळावर आली.

यातला 19 जुलैचा दिवस नीट पाहायला हवा. व्हर्जिनियाचाच दुसरा एक प्रतिनिधी त्या दिवशी बोलला. पुढे तो चौथा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि बंद दाराआडच्या या चर्चेबद्दल आज जे कळतं ते बरंचसं त्याच्याच टिपणांमुळे. तत्त्वतः जनतेनेच निवडणं योग्य, हे त्याने मान्य केलं. अडचण एकच सांगितली: मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला आहे, आणि दक्षिणेला आपल्या गुलामांच्या जोरावर अशा निवडणुकीत काहीच वजन मिळणार नाही. निर्वाचक नेमले की ही अडचण दूर होते.

ती दूर कशी होते, तेही बघा. प्रतिनिधिगृह म्हणजे कायदेमंडळाचं लोकसंख्येनुसार जागा देणारं सभागृह. त्याच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, हे त्याच महिन्यात ठरलं होतं. पुढे प्रत्येक राज्याचे निर्वाचक म्हणजे त्याचे प्रतिनिधी अधिक दोन सिनेटर (दुसऱ्या सभागृहात प्रत्येक राज्याचे सारखेच दोन सदस्य), असं सूत्र आलं. म्हणजे ज्यांना मत नव्हतं त्यांची डोकी मोजून मालकांचं पारडं जड झालं. 1800 च्या जनगणनेत गुलाम वगळून उरणारी लोकसंख्या पेनसिल्व्हेनियाची जास्त होती, व्हर्जिनियाची कमी. तरीही 1804 मध्ये पेनसिल्व्हेनियाला 20 निर्वाचक आणि व्हर्जिनियाला 24. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षं राष्ट्राध्यक्षपद व्हर्जिनियाच्या माणसाकडे राहिलं, याला निव्वळ योगायोग म्हणणं कठीण आहे.

अंतरं लांब होती, बातम्या पोचत नव्हत्या, कायदेमंडळापासून स्वतंत्र कार्यकारी प्रमुख हवा होता, ही कारणंही खरी आहेत आणि काही इतिहासकार त्यांनाच पुढे ठेवतात. पण निर्वाचक म्हणजे उथळ लोकप्रियतेला लावलेली विवेकाची चाळणी, ही जी थोर बाजू आजही सांगितली जाते, ती गाजली 1788 मध्ये, घटना मंजूर करून घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत टोपणनावाने आलेल्या लेखांमुळे. माल तयार झाल्यावरची ती जाहिरात होती. अंतिम सूत्र मांडलं 4 सप्टेंबरला, उरलीसुरली कामं निपटायला नेमलेल्या अकरा जणांच्या समितीने, आणि 17 सप्टेंबरला सह्या झाल्या.

चाळणी तर फार लवकर फाटली. पक्ष उभे राहिले आणि निर्वाचक पक्षाचे हुकमी मतदार झाले. 1800 मध्ये एकाच पक्षाच्या दोघांना प्रत्येकी 73 मतं पडली आणि त्यांतला एक निवडायला प्रतिनिधिगृहाला मतदानाच्या 36 फेऱ्या घ्याव्या लागल्या. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी वेगवेगळी मतं द्यायला लावणारी 1804 ची बारावी घटनादुरुस्ती त्यातूनच आली. राज्यात पुढे असणाऱ्याला तिथले सगळे निर्वाचक, हा नियम मात्र घटनेत कुठेच नाही. राज्यांनी तो आपापल्या फायद्यासाठी उचलला आणि 1836 पर्यंत एक दक्षिण कॅरोलायना सोडून सगळीकडे रुजवला. आज मेन आणि नेब्रास्का तेवढे वेगळे आहेत. देशभरात कमी मतं मिळवूनही 2000 आणि 2016 मध्ये उमेदवार निवडून आले, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

पद्धत बदलायची सर्वांत मोठी संधी 1969 मध्ये आली होती. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने 338 विरुद्ध 70 मतांनी संमत केली. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये ती लांबलचक भाषणबाजीत अडकवण्यात आली; अडवणाऱ्यांत दक्षिणेचे सिनेटर आघाडीवर होते. त्यानंतर घटनादुरुस्तीचा नाद सोडून दुसरी वाट काढण्यात आली. आपले निर्वाचक देशभरात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला देण्याचा राज्याराज्यांतला करार 2007 मध्ये सर्वांत आधी मेरीलँडने स्वीकारला. सहभागी राज्यांच्या निर्वाचकांची बेरीज 270, म्हणजे जिंकायला पुरेसं बहुमत, झाली की तो लागू होईल. अशा कराराला काँग्रेसची, म्हणजे देशाच्या कायदेमंडळाची, संमती लागते, असं विरोधक म्हणतात. समर्थक 1787 चंच कलम पुढे करतात: निर्वाचक कसे नेमायचे हे ज्या त्या राज्याच्या कायदेमंडळाने ठरवायचं.