पाझर की दव? घराखालची ओल ओळखताना

लाकडी जमिनीच्या अनेक घरांखाली एक बुटकी पोकळी सोडलेली असते. आत उभं राहता येत नाही, सरपटतच जावं लागतं, म्हणून तिला क्रॉलस्पेस म्हणतात. पाण्याचे नळ, वायरी, एसीच्या हवेच्या नळ्या तिथूनच जातात. घराचा भार पेलणाऱ्या तुळयाही तिथे उघड्या असतात. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. मग कधीतरी खोलीत कुबट वास येऊ लागतो, जमिनीच्या पट्ट्यांच्या कडा वर उचललेल्या दिसतात, आणि खाली टॉर्च मारून पाहावं तर तुळया काळ्या पडलेल्या.

‘खाली ओल आली आहे,’ एवढ्यावर निदान थांबतं आणि खर्च सुरू होतो. माझं सांगणं आहे की तिथेच थांबा. कारण ओल हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक पाझर, म्हणजे बाहेरचं पाणी माती किंवा पायाच्या भिंतीतून द्रवरूपातच आत येणं. दुसरं दव, म्हणजे हवेतली वाफ गार पृष्ठभागावर थंड होऊन तिचं पाणी होणं. तुळईवरचा ओला डाग दोन्हींचा सारखाच दिसतो. पण एकावरचा उपाय दुसऱ्याला लावला तर घराचं नुकसान वाढू शकतं.

पाझर समजायला सोपा आहे. छपराचं पाणी पायाजवळच पडतं, अंगणाचा उतार घराकडेच असतो, माती भिजून फुगते आणि पाणी वाट शोधतं. भिंतीला भेग नसली तरी विटा आणि काँक्रीट यांच्यातली सूक्ष्म छिद्रं पाणी वर ओढून घेतात, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. हे पाणी आपली खूण मागे ठेवतं. भिंतीच्या खालच्या भागावर आडवी रेघ दिसते, आणि भिंतीला लोणा लागतो. हा पांढरा थर बुरशी नव्हे, पाण्याबरोबर आलेले आणि पाणी उडून गेल्यावर उरलेले क्षार आहेत. बोटाने चोळलं तर त्याची भुकटी होते आणि पाण्यात तो विरघळतो. लोणा दिसला की पाणी भिंतीतून प्रवास करून आलेलं आहे, एवढं नक्की.

दवाचं गणित मात्र थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक चुका इथेच होतात. ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा पायाच्या झरोक्यांतून घराखाली शिरते. खालची माती आणि भिंती गार असतात, समजा २२ अंश. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास वाफ सांभाळू शकते. उरलेले पाच ग्रॅम पाणी होऊन नळांवर, एसीच्या नळ्यांवर आणि तुळयांवर बसतं. झरोके उघडे असल्यामुळे अशी हवा दिवसरात्र येतच राहते. म्हणजे ‘वारा खेळू द्या, आपोआप वाळेल’ हा वरवर शहाणपणाचा सल्ला उष्ण आणि दमट दिवसांत उलटा पडतो. वाळवण्यासाठी आत सोडलेली हवाच पाणी घेऊन येते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या प्रिन्सव्हिल गावी ‘अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने सारख्या बांधणीच्या १२ घरांत नेमकं हेच तपासलं. काही घरांचे झरोके उघडे ठेवले, काहींची पोकळी बंद केली. दमट उन्हाळ्यात बंद पोकळ्या अधिक कोरड्या राहिल्या, आणि घर गार-गरम ठेवायला लागणारी वीजही वाचली. पण म्हणून झरोके सरसकट वाईट ठरत नाहीत. कोरड्या हवेच्या प्रदेशात ते आपलं काम नीट करतात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा खरोखर कोरडी आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दोन्हींतला फरक ओळखण्याची पहिली कसोटी वेळेची. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओल वाढली, तर पाझराचा संशय धरा. पाऊस नसतानाही उकाड्याच्या दमट दिवसांत सगळं निथळत असेल, आणि एसी लावलेल्या खोल्यांखाली जास्त, तर ते दव. जागाही बोलते. पाझर कडेला आणि खाली असतो, एखाद्या कोपऱ्यात जास्त. दव सर्वत्र पसरलेलं आणि वरच्या अंगाला असतं. तुळयांत ठोकलेल्या खिळ्यांची डोकी गंजतात, तुळयांमधलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, पाणी पिऊन जड होतं आणि लोंबू लागतं.

तरी खात्री वाटत नसेल तर भिंतीवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब फॉइलच्या बाहेरच्या अंगाला असतील तर पाणी हवेतून आलं, आणि मागच्या अंगाला असतील तर भिंतीतून. मातीवर मात्र ही परीक्षा फारशी उपयोगाची नाही. वरून कोरडी दिसणारी मातीही सतत वाफ सोडत असते, त्यामुळे आच्छादनाखाली पाणी जवळजवळ नेहमीच सापडतं. इथे दोन्ही प्रकारांची सरमिसळ होते, कारण मातीतून उठलेली वाफच वर जाऊन तुळईवर दव होऊन बसू शकते. (पावसाशी संबंध नसलेला, बारा महिने एकाच जागी असणारा डाग बहुधा गळक्या नळाचा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर फिरतं का ते आधी पाहा.)

उपायांत क्रम फार महत्त्वाचा. पाझर असेल तर काम बाहेरून सुरू होतं. पन्हळी साफ करायच्या, त्यांचं पाणी पायापासून दूर नेऊन सोडायचं, आणि भोवतालच्या मातीला घरापासून बाहेर उतार द्यायचा. पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार हे चांगलं माप आहे. माझ्या मते एवढं नीट केल्याशिवाय आत एक रुपयाही घालू नये. त्यानंतरही पाणी येत असेल तर पायाकडेने खडी आणि सच्छिद्र पाइपचा चर काढायचा, आणि उताराने बाहेर जाणं शक्य नसेल तर खड्डा करून पंप बसवायचा.

दवासाठी काम आतलं. मातीवर जाड पॉलिथिन अंथरायचं. ०.१५ मिलिमीटर ही किमान जाडी समजा, आत वरचेवर ये-जा होणार असेल तर याहून जाड घ्या. जोड किमान १५ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवायचे. दमट हवेच्या प्रदेशात पुढची पायरी झरोके बंद करण्याची, भिंतींना इन्सुलेशन लावण्याची आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ काढून घेणारं यंत्र, ठेवून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राखण्याची. मात्र पुराच्या पाण्याला वाट देण्यासाठी ठेवलेली तोंडं बुजवायची नसतात, ती बुजवली तर पाण्याच्या दाबाने भिंतच ढासळू शकते. आत गॅसवर चालणारी शेगडी किंवा हीटर असेल तर त्याला हवा कुठून मिळणार, हे जाणकाराला विचारल्याशिवाय पोकळी बंद करू नका. ही जिवाची गोष्ट आहे. भिंतीला इन्सुलेशन लावताना माथ्याशी चारेक बोटं जागा उघडी ठेवावी, म्हणजे वाळवीची मातीची वाट चढताना दिसते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पाझर चालू असताना पोकळी बंद करणं. वरून सगळं पांढरं, स्वच्छ दिसतं, आणि प्लॅस्टिकखाली डबकं साचत राहतं. पायाच्या भिंतीवर टेकलेली तुळयांची टोकं तेवढ्यात पाणी ओढून घेतात. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर कुजवणारी बुरशी जम धरत नाही. ३० च्या आसपास पोचलं की तिला रान मोकळं. ‘ड्राय रॉट’ हे नावही इथे फसवं आहे. कुजलेलं लाकूड शेवटी कोरडं दिसतं, चौकोनी तडकतं, पण कुजायला त्याला पाणी लागलेलंच असतं.

म्हणून खाली उतराल तेव्हा एक स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. तुळयांच्या टोकांना आणि पायावर बसवलेल्या आडव्या लाकडाला तो जोर लावून टोचून पाहा. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे, ओल थांबवली की पृष्ठभागावरची बुरशी साफ करता येते. टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तो पाहून जाईपर्यंत त्या खोलीत जड कपाटं हलवू नका. दोन्ही प्रकारची ओल एकत्र असेल, तर आधी पाझर बंद करा, एक पावसाळा जाऊ द्या, फॉइलची परीक्षा पुन्हा घ्या, आणि मगच झरोक्यांना हात लावा.