रंगाआधी पोलादाचं काय करतात?

पुलाच्या गर्डरवरचा किंवा तेलाच्या टाकीवरचा रंग मुदतीआधीच सुटू लागला, की रंगाला दोष दिला जातो. बऱ्याचदा चूक मात्र रंग लावण्याआधीच झालेली असते.

रोलिंग मिलमधून आलेलं नवं पोलाद दिसतं स्वच्छ, पण त्यावर मिल स्केलचा निळसर करडा थर असतो. तापलेलं पोलाद लाटलं जाताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे तयार झालेली ही लोखंडाची ऑक्साइडं. थर कडक पण ठिसूळ, त्यामुळे त्याला भेगा जातात. भेगेत ओल शिरली की बॅटरीसारखी जोडी जमते: स्केल कॅथोड, म्हणजे शाबूत राहणारं टोक बनतं, उघडं पडलेलं पोलाद ॲनोड, म्हणजे झिजणारं टोक बनतं आणि नेमकं पोलादच खड्डे पडत झिजतं. वर कितीही चांगला रंग असला तरी हे थांबत नाही.

म्हणून ब्लास्टिंग. सुमारे ७ बार दाबाच्या हवेने नोझलमधून कठीण कण पोलादावर मारतात. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. कणांच्या माऱ्याने स्केल आणि गंज उडतो, शिवाय पृष्ठभाग खडबडीत होतो. 'शॉट' म्हणजे गोल कण पोलाद ठोकतात, तर 'ग्रिट' म्हणजे कोनदार कण त्याला चरे पाडतात. अनेक औद्योगिक रंगांसाठी ५० ते ७५ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) खडबडीतपणा मागतात. तो फार वाढला तर प्रायमरच्या, म्हणजे रंगाच्या पहिल्या हाताच्या, पातळ थरातून पोलादाची टोकं डोकावतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

स्वच्छता किती हवी, हे आयएसओ ८५०१-१ या मानकातल्या छायाचित्रांशी ताडून ठरवतात. 'एसए २½' या प्रतीत ठिपक्यांसारखे किंवा पट्ट्यांसारखे पुसट डागच चालतात. पण डोळ्यांना न दिसणारी घाण जास्त घातक. तेल ब्लास्टिंगने जात नाही, उलट पसरतं. ते आधीच धुऊन काढावं लागतं. खड्ड्यांत दडलेलं मीठ रंगाच्या थरातून पाणी ओढून घेतं आणि फोड येतात. मिठाची चाचणी वेळ वाचवण्यासाठी टाळणं मला अजिबात पटत नाही.

ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागतं. म्हणून पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव बनतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आहे ना, हे पाहून लगेच प्रायमर मारतात.

आता वाळूबद्दल. या कामाला आजही सर्रास 'सँडब्लास्टिंग' म्हणतात, पण वाळू वापरूच नये. आदळल्यावर तिचे कण फुटतात, स्फटिकी सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. ब्रिटनने कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमध्ये वाळूवर १९४९ मध्येच बंदी आणली. गार्नेट हे कठीण खनिज आणि स्टील ग्रिट हे पर्याय केव्हाचे उपलब्ध आहेत. तेही वापरताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारं हेल्मेट लागतंच, कारण जुन्या रंगात शिसं असेल तर तेही धुळीबरोबर उडतं.