२१४७४८३६४७ (मूळ संख्या)

२१४७४८३६४७, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७, ही एक मोठी मूळ संख्या आहे. २ चा ३१ वा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा, की ही आली. अशा मूळ संख्यांना मर्सेनच्या मूळ संख्या म्हणतात, त्यातली ही आठवी. आणि ३१ सुद्धा २ च्या ५ व्या घातातून १ वजा करून येतो, म्हणजे घराणंच ते.

ही मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मधे दाखवलं. वर्गमूळ साधारण ४६३४०, तिथपर्यंत एकेका मूळ संख्येने भागत बसायचं तर हजारो भागाकार झाले असते. पण हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर तिला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे त्याला कळलं होतं, त्यामुळे काम जास्तीत जास्त ३७२ भागाकारांवर आलं. तरी ३७२ म्हणजे थोडे नाहीत हो, त्यात त्याची नजर तोवर जवळजवळ गेलेली.

नाशिककरांसाठी हिच्यात एक वेगळीच गंमत आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर लोकांना ६१७४ मुळे, म्हणजे त्यांच्या नावाच्या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे माहीत असतात, पण त्यांचा दुसरा खेळ मला जास्त आवडतो: कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ९१ मधे १० मिळवले की १०१. जी संख्या अशी कुठूनच येत नाही ती स्वयंभू, तिला देवळाली संख्या पण म्हणतात, आणि वरचा ३१ हा त्यातलाच! २१४७४८३६४७ मात्र स्वयंभू नाही. २१४७४८३६०६ च्या अंकांची बेरीज ४१, ती मिळवा, हीच येते. आता २१४७४८३५९७ घ्या, बेरीज ५०, मिळवा, परत हीच. दोन वाटांनी येणाऱ्या अशा संख्येला कापरेकर जंक्शन म्हणायचे, आपल्या मनमाडसारखं. (१०१ पण जंक्शनच, १०० मधे १ मिळवून बघा.) कागद पेन घेऊन पाच मिनिटांत पडताळता येतं.

हिच्यापासून परिपूर्ण संख्या पण बनते, २३०५८४३००८१३९९५२१२८, तिला सोडून तिच्या बाकी सगळ्या भाजकांची बेरीज केली की तीच परत मिळते.

कॉम्प्युटरवाल्यांना ही वेगळ्याच कारणाने पाठ असते. ३२ बिटांत (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत) अधिक-उणे चिन्हासकट मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक हाच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या सिस्टीमचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी इथे पोचेल, आणि पुढच्याच सेकंदाला तो उणेत उलटून तारीख थेट डिसेंबर १९०१ दाखवेल.