आक्रमण आणि तिऱ्हाईत

एखाद्या देशाने दुसऱ्याच्या हद्दीत सैन्य घुसवलं की त्या भांडणात थेट नसलेल्या बाकीच्या देशांनी आणि व्यापाऱ्यांनी काय करायचं, माल द्यायचा की थांबवायचा, वाट द्यायची की अडवायची, दुकान चालू ठेवायचं की शटर ओढायचं, या सगळ्याचा मिळून हा विषय. अहिराणीत याचं तयार उत्तर आहे, "आपले काय करनं शे", आणि बहुतेक सरकारांचं पहिलं उत्तर पण तेच असतं, फक्त ते जरा चांगल्या कागदावर टाईप करून येतं. ही नोंद खानदेशातून बघून लिहिलीय, कारण तिऱ्हाइताने चढाई करणाऱ्याला तोफा नाकारल्याचा एक जुना दाखला या मुलखातलाच आहे आणि त्याच्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

शब्दांबद्दल

तिऱ्हाईत म्हणजे दोघांच्या मधला तिसरा. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला, आता पूर आला की काठ कुठपर्यंत सरकतो हे तापीकाठच्या माणसाला सांगायची गरज नाही. निर्बंध या शब्दाचं मात्र सांभाळून घ्यावं लागतं. आज पेपरात निर्बंध म्हणजे एखाद्या देशाचा व्यापार, पैसा, विमानं अडवणं, पण सावरकरांच्या भाषाशुद्धीत निर्बंध म्हणजे चक्क कायदा, त्यामुळे त्या वळणाचं जुनं लिखाण वाचताना "निर्बंध केला" दिसलं की कुणाची तरी नाकेबंदी झाली असं समजू नये. बहिष्कार हा शब्द जुनाच, पण राजकीय हत्यार म्हणून तो १९०५च्या वंगभंगानंतर घरोघरी गेला. इंग्रजीतला बॉयकॉट १८८०चा, आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याला गावाने वाळीत टाकलं त्यावरून आलेला. आपल्याकडे माणसाला वाळीत टाकणं २०१६च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा ठरलंय, देशाला वाळीत टाकणं मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत अधिकृत उपाय म्हणून लिहिलेलं आहे, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी.

असीरगडचा दाखला

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे, आज मध्य प्रदेशात, पण तेव्हा फारुकी सुलतानांच्या खानदेशाची किल्लीच. अकबर १६००च्या उन्हाळ्याच्या तोंडाला बुऱ्हाणपुरात आला, शहर फारसं न लढता पडलं, सुलतान बहादूरशहा वर गडावर जाऊन बसला आणि वेढा पुढे महिनोन्‌महिने चालला. अकबराच्या तळावर तेव्हा जेरोम झेवियर आणि बेंतो द गोइश हे दोन जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री, होते. जेझुइट वृत्तांतानुसार बहादूरशहा बोलणीसाठी खाली उतरला आणि त्याला परत जाऊच दिलं नाही, तरी गड पडेना, तेव्हा बादशहाने झेवियरला सांगितलं की कोकण किनाऱ्यावरच्या चौलच्या पोर्तुगिजांना लिहून तोफा आणि दारूगोळा मागवून घे. झेवियरने नकार दिला, हे आमच्या धर्मात बसत नाही म्हणाला. बादशहा भडकला आणि पाद्र्यांना काही दिवस तोंड लपवून राहावं लागलं, मग राग निवळला.

आता वाद इथे आहे की नकार धर्मामुळे की करारामुळे. पोर्तुगिजांचं नुकतंच खानदेशशी सख्य जुळलेलं होतं आणि गडावर बहादूरशहाच्या बाजूने काही पोर्तुगीज लढवय्ये पण होते असं तोच वृत्तांत सांगतो. म्हणजे झेवियरने धर्माचं नाव घेतलं तरी मागे गोव्याचं गणित असणारच, निदान मला तसं वाटतं. दुसरा वाद गड पडला कसा याचा. अबुल फजलसारखे दरबारी लेखक रोगराईवर बोट ठेवतात, गडात गर्दी प्रचंड होती, साथ आली आणि माणसं पटापट मेली. जेझुइट बाजू म्हणते साथ वगैरे काही नाही, सोनं-चांदी चारून किल्लेदारांना फोडलं. इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने १९१७मध्ये जेझुइट बाजू जवळजवळ पूर्ण उचलून धरली आणि दरबारी लेखकांना खोटं पाडलं, नंतरच्यांनी दाखवलं की जे छापलं गेलं ते द्यु जारिक नावाच्या फ्रेंच जेझुइटाने फ्रान्समध्ये बसून, दुसऱ्यांच्या पत्रांवरून जुळवलेलं आहे, तो काही इथे आला नव्हता. साथही होती आणि पैसाही चालला असं धरणं जास्त सुरक्षित. गड साधारण जानेवारी १६०१मध्ये पडला, बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, आणि मुलखाला काही काळ शहजादा दानियालवरून दानदेश म्हणायला लागले.

या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच की तिऱ्हाइताने नेमकी ती एकच वस्तू नाकारली जिच्यावर वेढ्याचा वेग ठरत होता. गड वाचला नाही, पण चढाई करणाऱ्याला दुसरा आणि महागडा रस्ता धरावा लागला. पुढच्या प्रत्येक उदाहरणात प्रश्न हाच आहे, कुठली वस्तू, ती कुणाच्या हातात, आणि किती लवकर.

कायदा आणि त्याच्या पळवाटा

१९०७च्या हेगच्या करारांपर्यंत तटस्थ देशाचं काम दोघांना सारखं वागवणं एवढंच मानलं जायचं, चढाई कुणी केली हा प्रश्नच नव्हता, आणि खाजगी व्यापाऱ्याला शस्त्रं विकायलासुद्धा बंदी नव्हती. हे राष्ट्रसंघाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर निघालेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या, १६व्या कलमाने बदललं, निदान कागदावर. ३ ऑक्टोबर १९३५ला इटली इथिओपियात घुसली, राष्ट्रसंघाने १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लावले, पण यादीतून तेल वगळलं, कोळसा वगळला, पोलाद वगळलं, आणि सुएझ कालवा उघडाच ठेवला, त्यातून इटलीची सैन्याची जहाजं टोल भरून गेली. मे १९३६मध्ये अदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंध उठले. म्हणजे चौलच्या तोफा सोडून बाकी सगळं बंद करण्यासारखा हा प्रकार.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं, नंदलाल बोस यांनी बांबूची कमान नि मंडप सजवलेले, आणि अध्यक्ष नेहरूंनी केळी-कापसाच्या मुलखात बसून स्पेनबद्दल आणि अॅबिसिनियाबद्दल, म्हणजे इथिओपियाबद्दल, बोलून घेतलं. स्वतःचं सरकार नसलेल्या देशाच्या हातात काय होतं तर माल न घेणं आणि डॉक्टर पाठवणं. जपानने १९३७मध्ये चीनवर चढाई केल्यावर काँग्रेसने जपानी माल न वापरायचं आवाहन केलं आणि १९३८मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिकडेच १९४२मध्ये वारले.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम २(४) बळाचा वापर मना करतं, ५१ स्वसंरक्षण मान्य करतं, ४१ निर्बंधांचं आणि ४२ लष्करी कारवाईचं. ही यंत्रणा ठरल्यासारखी चालल्याचं ठळक उदाहरण कुवेतचं. २ ऑगस्ट १९९०ला इराक घुसला, त्याच दिवशी ठराव ६६०, चार दिवसांत ठराव ६६१ने जवळपास सगळा व्यापार बंद. पण आक्रमण करणाराच व्हेटोवाला, म्हणजे सुरक्षा परिषदेत एकट्याने ठराव पाडू शकणारा, असला की गाडी अडते, तसं २०२२मध्ये झालं. २४ फेब्रुवारीला रशिया युक्रेनमध्ये घुसला, सुरक्षा परिषद जागेवर, मग आमसभेत २ मार्चला १४१ विरुद्ध ५ मतांनी निषेध, तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत. पुढचं सगळं अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रांनी आपापल्या कायद्याने केलं, रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे साधारण ३०० अब्ज डॉलर गोठवले, काही बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्यातून, काढल्या, डिसेंबरात तेलाला ६० डॉलरची भावमर्यादा घातली.

निर्बंधांनी सैन्य मागे फिरतं का, यावर अर्थतज्ज्ञ हफबॉअर आणि सहकाऱ्यांनी साधारण एक तृतीयांश प्रकरणांत यश मोजलंय, राज्यशास्त्राचा अभ्यासक रॉबर्ट पेपने १९९७मध्ये तेच आकडे तपासून त्यातली फारच थोडी खरी धरली. पेपचं म्हणणं जास्त पटतं, पण त्याने यश म्हणजे फक्त मागणी मान्य होणं असं धरलंय, चढाई महाग करणं हा वेगळा हिशोब आहे.

भारताने मत दिलं नाही आणि तेल घेतलं, रशियन कच्च्या तेलाचा वाटा दोन टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेला. आम्ही घेतलं नसतं तर जगभर भाव भडकले असते हा बचाव अगदीच पोकळ नाही, भावमर्यादा लावणाऱ्यांना पण तेल बाजारात यायलाच हवं होतं. पण स्वस्त तेलाचा फायदा भुसावळच्या पंपावर शोधायला गेलं तर सापडणं कठीण. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने याच कारणावरून भारतीय मालावर २५ टक्के जादा टॅरिफ लावला, म्हणजे काठावर उभं राहायचं भाडं पण द्यावं लागतं.

धंदेवाले

कंपनीपुढे तीनच वाटा, राहणे, थांबणे, निघणे, आणि तिन्ही वाटेत कामगार सापडतो. मॅकडोनाल्ड्सने रशियातली साधारण ८५० दुकानं २०२२मध्ये तिथल्याच भागीदाराला विकली, मॉस्कोतलं पहिलं १९९०ला उघडलेलं. जे उशिरा निघाले त्यांना रशियाने अर्ध्या किमतीत विका अशी अट घातली, आणि जुलै २०२३मध्ये दानोन आणि कार्ल्सबर्गचे तिथले धंदे सरकारने आपल्या ताब्यातच घेतले. संयुक्त राष्ट्रांची २०११ची व्यवसाय आणि मानवी हक्कांची तत्त्वं सांगतात की युद्धाच्या जागी कंपनीने जास्त कसून तपासावं आपला माल कुठे जातोय, पण ती बंधनकारक नाहीत. माझ्या मते पगार चालू ठेवून विक्री आणि नवी गुंतवणूक थांबवणं हे पहिल्या महिन्यातच करायचं काम आहे, वर्षभर विचार केला की निर्णय दुसराच कुणी घेतो.

उलटी बाजू खानदेशने १८६१पासूनच बघितलीय. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, ब्रिटनने मे १८६१मध्ये तटस्थता जाहीर केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा म्हणून इकडे भाव चढले. रेल्वे पण त्याच सुमाराला भुसावळपर्यंत आली. तटस्थ राहून पैसा आला, १८६५ला लढाई संपली आणि भाव कोसळले तेव्हा कर्ज मात्र इथल्याच शेतकऱ्याच्या खात्यावर राहिलं.

२०२२ची गोणी

केळीला नत्रापेक्षा जास्त पालाश लागतं, म्हणजे पोटॅश. ते कमी पडलं की पानाच्या कडा करपतात, फणी भरत नाही, घडाचं वजन जातं आणि व्यापारी बागेत आला की कटाईच्या भावात ते लगेच दाखवून देतो. भारतात पोटॅश जवळपास सगळं बाहेरून येतं, आणि जगातले मोठे विकणारे म्हणजे कॅनडा, रशिया, बेलारूस. बेलारूसवर आधीच निर्बंध होते, लिथुआनियाने १ फेब्रुवारी २०२२पासून त्यांचं पोटॅश रेल्वेने बंदरावर न्यायला मनाई केली, आणि तीन आठवड्यांनी युद्ध. त्या साली ५० किलोच्या गोणीचा भाव १७०० रुपयांवर गेला. आमच्या रावेरकडच्या एका कृषी केंद्रात पाटीवर खडूने "पोटॅश नाही" लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात "विचारू नये". युक्रेनचं नाव त्या दुकानात सगळ्यांना माहीत, लिथुआनियाचं कुणालाच नाही. किराण्यात सूर्यफूल तेलाची पिशवी पण तशीच चढली, पण खानदेशात शेंगदाणा तेल आणि सोयाबीन जास्त चालतं म्हणून ती ओरड इथे कमी. सुरतेला उधना-लिंबायतकडे राहणाऱ्या खानदेशी माणसांपैकी जे हिऱ्याच्या कामाला आहेत त्यांना रशियन कच्च्या मालावरच्या बंदीची झळ बसली.

दुसऱ्याच्या निर्बंधामुळे ज्याचं नुकसान होतं त्याच्यासाठी सनदेत कलम ५० आहे, त्या देशाने सुरक्षा परिषदेकडे जाऊन अडचण मांडायची. १९९०मध्ये जॉर्डनने मांडली, भारतासह बऱ्याच देशांनी मांडली. कलमात सल्लामसलत एवढंच लिहिलंय, भरपाईचा शब्द नाही, आणि २०२२मध्ये निर्बंध परिषदेचे नव्हतेच त्यामुळे ते कलम उघडायची वेळही आली नाही. बागेत ज्यांच्याकडे ठिबक होतं त्यांनी पाण्यातून थोडं थोडं सोडून निम्म्यावर भागवलं, एकदोघांनी चुलीची राख साठवून बुंध्याला टाकली, राखेत पालाश असतंच, फक्त एकराला किती पाट्या राख लागेल याचा हिशोब कुणी काढला नाही.