रंग न लावताही चमकणाऱ्या पेशी

जांभळ्या दिव्याखाली जे चमकेल त्यात केमिकल, अशी समजूत बाळगणारे पुष्कळ भेटतात. सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या गल्ल्यावर नोटा तपासायचा दिवा असला, तर त्याखाली पांढराशुभ्र टॉवेल धरून बघा. बहुधा निळसर उजळेल. ते खरंच केमिकल, कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेलं. पण पनीर काढून उरलेलं पाणी धरलं तरी ते हिरवट-पिवळं चमकतं, आणि त्यात कुणी काही मिसळलेलं नसतं. दुधातलंच बी-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, ते करतं. शुद्धता तपासणारे टॉर्च विकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

याच रायबोफ्लेविनचे भाऊबंद, फ्लेविन, आपल्या पेशींतही असतात आणि फ्लो सायटोमीटरवर काम करणाऱ्याला रडवतात. या यंत्रात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो, आणि प्रत्येकीची चमक मोजली जाते. कोणत्या पेशी विभाजनात आहेत हे शोधायला हिस्टोन एच-३ हे प्रथिन कामी येतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी हे एक. विभाजनासाठी गुणसूत्रं आखडून जाड होऊ लागली की याच्या शेपटीतल्या दहाव्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, फॉस्फेट चिकटतं. विभाजन संपता संपता निघून जातं. फक्त हा फॉस्फेटवाला एच-३ ओळखणारी अँटिबॉडी घ्यायची, तिच्यामागे हिरवा रंग जोडायचा. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पडला की ५२० च्या आसपास हिरवी चमक.

घोळ इथेच होतो. फ्लेविनही निळा प्रकाश शोषतात आणि जवळपास त्याच पट्ट्यात उजळतात. यंत्राला दोन्ही हिरवे सारखेच.

आता हिशेब बघा. २४ तासांत दुप्पट होणाऱ्या मानवी पेशींचं प्रत्यक्ष विभाजन साधारण तासाभरात उरकतं. म्हणजे कोणत्याही क्षणी शंभरात तीनेक पेशीच विभाजनात असतात. उरलेल्यांतल्या दोन उगीच चमकल्या तरी उत्तराची वाट लागते. त्यातून विभाजनाला टेकलेली पेशी नव्या पेशीच्या जवळजवळ दुप्पट असते. तिच्यात फ्लेविनही तितके जास्त, अँटिबॉडीला भलतीकडे चिकटायला जागाही जास्त. खरी चमक जिथे शोधायची, नेमकी तिथेच खोटी चमक वाढते! म्हणून ‘अमुक आकड्यावरचे सगळे पॉझिटिव्ह’ अशी सरसकट रेघ फसवते. एका अक्षावर डीएनए आणि दुसऱ्यावर हिरवी चमक मांडली, तर अँटिबॉडी न घातलेल्या पेशींचा ढगसुद्धा डीएनएबरोबर वर चढताना दिसतो.

दोष शोधायचा तो वेगवेगळ्या नळ्या लावून. एकीत काहीच रंग नाही, एकीत फक्त रंग जोडलेली दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे एच-३ ओळखणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीला पकडून तिला रंग देणारी दुसरी. पहिलीच चमकत असेल तर कारण पेशींत आहे, किंवा त्या पक्क्या करायला वापरलेल्या फॉर्मल्डिहाइडमध्ये. दुसरीच चमकली तर दुय्यम अँटिबॉडी जास्त झाली, नाहीतर धुणं कमी पडलं. मेलेल्या पेशी तर मिळेल ती अँटिबॉडी चिकटवून घेतात; त्या वेगळ्या रंगाने ओळखून आधीच वगळाव्यात. आणखी एका नळीत कोल्चिसिन दिलेल्या पेशी ठेवाव्यात. त्याने गुणसूत्रं ओढणारे धागे तयार होत नाहीत, पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून साचतात, आणि खरी चमक कशी दिसते ते कळतं. हेच कोल्चिसिन कळलावीच्या कंदात असतं. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून तो कंद वापरायचा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो कंद विषारी आहे, पोटात गेला तर जीव जाऊ शकतो.

फ्लेविनशी भांडत बसण्यापेक्षा मी तरी रंगच बदलेन. ६४० नॅनोमीटरच्या लाल लेझरवर चालणारा रंग घेतला तर तो प्रकाश फ्लेविन जवळजवळ शोषतच नाहीत. तरी एक भामटा उरतो: एकमेकींना चिकटलेल्या दोन साध्या पेशी. दोघींचा डीएनए मिळून विभाजनाला आलेल्या एका पेशीइतका भरतो. पण लेझरसमोरून जायला ही जोडी एकटीपेक्षा जास्त वेळ घेते, आणि संकेताच्या रुंदीवरून तिला बाहेर काढता येतं.